तीन अधिक साडेपाच

बाबा, तेवीस जानेवारीची ती सकाळ, सहा वाजून चाळीस मिनिटं. तुमच्या दुसऱ्या घड्याळात एक वाजून दहा. वेळ मुद्दाम दोन्ही घड्याळांची लिहिते आहे, म्हणजे नंतर कुणाला माझ्यावर ढकलायला जागा राहणार नाही.

वर्तकनगरच्या आपल्या स्वयंपाकघरात फडताळाच्या वर ती दोन घड्याळं शेजारीशेजारी होती. एक आपलं, दुसरं ग्रीनिचचं, साडेपाच तास मागे. पाहुणे विचारायचे, "हे बंद पडलंय का?" आणि तुम्ही खुलून सांगायचात, की विमानांसाठी हवामानाचे निरोप जगभर ग्रीनिचच्याच वेळेत येतात. फ्लाइंग क्लबात रोज सकाळी वैमानिकांना हवामान सांगणं हे तुमचं काम. क्लबातला फोन बेभरवशाचा, म्हणून तुम्ही विमानतळाच्या हवामान कार्यालयाला घरूनच फोन लावायचात आणि निरोप वहीत उतरवून घ्यायचात. वेळेची बेरीज त्याच वहीत मी करायची आणि क्लबातल्या फळ्यावर लावायचा स्वच्छ कागदही मीच लिहायचा, कारण तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. "सिस्टरांनी पट्ट्या मारून वळण लावलंय, त्याचा उपयोग होऊ दे," एवढंच काय ते तुमचं कौतुक. मी सतरा वर्षांची होते. ते काम मला जिवापाड आवडायचं.

त्या सकाळी विमानं जिथे उतरायची त्या पलीकडच्या धावपट्टीवर धुकं होतं, ग्रीनिच वेळेने तीनपर्यंत. कागदावर माझ्या अक्षरात गेलं, "आठपर्यंत." हवं होतं साडेआठ. एक हौशी वैमानिक आठच्या ठोक्याला निघाला, पोचला तर खाली सगळं पांढरं. परत फिरायचं सोडून घिरट्या घालत बसला आणि शेवटी भाताच्या रिकाम्या शेतात उतरला. विमानाचं पुढचं चाक मोडलं, त्याचे दोन दात गेले. क्लबात तुम्ही सांगितलंत, "मुलीकडून उतरवताना अर्धा तास राहिला." मुलगी म्हटल्यावर सगळे हसले आणि प्रकरण मिटलं. तुमचं.

माझं मिटलं नाही. अर्धा तास हे माझं घरातलं नाव झालं. "अर्धा तास आली का गं?" "भात अर्धा तासाला लावायला सांगू नका, कच्चा राहील." माझ्या लग्नात मामांनी मुहूर्ताची वेळ दोनदा तपासून घ्या म्हणून मांडव हसवला, आणि तुम्हीही हसलात. त्याआधी हवामान खात्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत आणि म्हणालात, "तुला झेपणार नाही. तिथे अर्धा तास म्हणजे माणसाचा जीव असतो." मी गेले नाही. तुमचं पटलं म्हणून गेले नाही. मग मानपाड्याच्या कारखान्यात टाइम ऑफिसला लागले आणि एकतीस वर्षं कामगार किती वाजता आत आले आणि किती वाजता बाहेर पडले ते तपासलं. एका मिनिटाची चूक काढून दाखवा.

आता ऐका. तुमची नात, तुमच्या मुलाची मुलगी, वैमानिक झाली आहे. नोकरी म्हणून नाही, हौस म्हणून; लायसन्स मात्र खरं. गेल्या मंगळवारी ती माझ्याकडे बाळकुमला टॅबलेट घेऊन आली. उड्डाणाचा आराखडा आणि हवामान दाखवणारी तीन ॲप्स तिने आणली होती, त्यातलं एक निवडायचं होतं.

"आत्या, हे बघ. वारा कसला भारी दिसतो यात!"

"वारा दिसायला लागला तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. हा अंदाज कधीचा?"

"लेटेस्टच असणार ना गं."

"असणार?"

तिने सगळा पडदा धुंडाळला. रंग होते, बाण होते, अंदाज कधी दिला ती वेळ कुठेच नव्हती. दुसरं ॲप सगळं आपल्याच वेळेत देत होतं. "यात बेरीजच नको," ती म्हणाली. मी विचारलं, मूळ निरोप कुठाय? तो नव्हता. "पण कशाला हवाय तो?" कशाला म्हणजे? बेरीज दुसऱ्याने करायची आणि मान आपली अडकायची! तिसरं दिसायला रेशनकार्डासारखं. पण मूळ निरोप जसाच्या तसा, शेजारी दोन्ही वेळा, आणि नवा अंदाज आला तरी जुना पुसला जात नाही. कधी बदलला त्या वेळेसकट तो खाली राहतो. मी म्हटलं, हे घे.

"अगं, क्लबात सगळे पहिलं वापरतात. हे किती डबडं आहे!" आणि मग हसत, काही वाईट मनात नसताना, "तुझ्या डोक्यातून तो अर्धा तास अजून जात नाही ना आत्या?"

तिचा जन्म तुम्ही गेल्यानंतरचा. तरी अर्धा तास तिच्यापर्यंत पोचला होता. मला असा संताप आला की उठले आणि माळ्यावरून तुमच्या वह्यांची पेटी काढली. घर आवरताना ती माझ्याकडे आली होती आणि मी ती मुद्दाम कधी उघडली नव्हती. तिला म्हटलं, बघ, इतकी लहान चूक कशी दिसते ते एकदा डोळ्यांनी बघ. तेवीस जानेवारीचं पान काढलं.

ती वाकून बघत राहिली. "आत्या, तू तर बरोबर लिहिलंयस."

माझ्या वळणदार अक्षरात साडेआठ. त्यावर तिरकी रेघ. शेजारी कोंबडीच्या पायांत आठ. आणि समासात, अगदी बारीक, पेन्सिलीने, तुमच्या जुन्या पद्धतीने अर्ध्यासाठी दोन दंड देऊन: ३ + ५॥ = ८॥. खाली बरोबरची खूण. म्हणजे तुम्ही नंतर बसून पडताळलंत. तुम्हाला माहीत होतं. आणि पान फाडलं नाहीत, बाबा. तोंड मात्र उघडलं नाहीत.

तिने तिसरं ॲप घेतलं. जाताना म्हणाली, "रविवारी मी पहिल्यांदा कुणाला तरी बरोबर घेऊन उडणार आहे. येशील?"

हे पत्र टाकायला पेटी नाही. ते त्याच पानात ठेवून देईन. एक गोष्ट मात्र कबूल करते, कारण वही माझीही आहे. तुम्ही उभ्यानेच चहा घेत माझ्या हातातलं पेन काढून घेऊन वहीत काहीतरी खोडलं होतंत, ते मला कायम आठवत होतं. तीन आणि आठ हे दोन्ही आकडे समोर होते आणि जमत नव्हते. तरी मी गुपचूप कागद लिहिला, आणि पुढे इतकी वर्षं ती आठवण माझीच सबब आहे असं धरून चालले.

आता तुमची पाळी. समासातली ती बेरीज तुम्ही कधी केलीत, माझ्या मुलाखतीच्या आधी की नंतर? एवढंच कळवा. लेखी. येत्या रविवारी सकाळी साडेआठच्या आत, आपल्या वेळेने. त्यानंतर मी विमानात असेन.