मोटारीसाठी पिंपभर पाणी

२६ मार्च
टँकर आला न्हाई. सरपंच म्हणतो रेणापूरहून निघालाय. काल पण निघालाच होता.

घरी आले तर ह्यांनी माळ्यावरून नावेची मोटार खाली काढलेली. तळं आटल्यापासून पोत्यात गुंडाळून पडली होती, तीन वर्षं झाली असतील. खांबाला टेकवून उभी केली अन् हे तिच्यापुढं बसलेले. काय चाललंय विचारलं तर म्हणे, "बघून राहिलो."

जेवताना कळलं. नांदेडहून ह्यांच्या आत्तेभावाचा, मारुतीचा निरोप आलाय. तिकडं गोदावरीच्या बंधाऱ्यात पाणी हाय. मारुतीनं मासेमारीचा ठेका घेतलाय, नाव हाय, मोटार न्हाई. चालू मोटार घेऊन आले तर निम्मी भागी. बंद मोटार घेऊन येऊ नका, असं बजावून सांगितलंय.

म्हणजे मोटार चालू झाली की नांदेड. अन् माझी अंगणवाडी? लातूर नवा जिल्हा झाला, जागा निघाल्या, म्हणून कशीतरी मिळाली. गावची जागा गावातच राहते, ती काय पदराला बांधून नेता येते? मला कुणी विचारलं न्हाई. पाय दुखतात. झोपते.

२८ मार्च
टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. पाकासारखं चिकट झालेलं. आधी मला चूल विझवायला लावली, सुजाताला अंगणाच्या पार बाहेर बसवलं. पोरगी तिकडंच पुस्तक घेऊन बसली. वास अजून डोक्यात हाय. भाकरी उशिरा, त्यावरून बोलणी मलाच.

प्लग काढून आत थोडं तेल सोडलं. मग दोरी हळूच ओढून पाहिली. हलेना. मला वाटलं आता दोन शिव्या हासडतील अन् झटका देतील. न्हाई दिला. "मुरू दे तेल. जोर लावला तर आत काहीतरी तुटंल."

लोखंडाशी एवढी सबुरी. माणसांच्या वाट्याला का येत न्हाई कुणास ठाऊक.

१ एप्रिल
फिरली एकदाची. हातानं, गोगलगाईसारखी, पण फिरली. ह्यांनी मला हाक मारून दाखवलं. मी डोक्यावर घागर घेऊन उभी. "बरं," म्हणलं.

खालचं गियरचं तेल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघालं. म्हणजे आत पाणी शिरलेलं, सील गेलं. चला, सुटले, असं मनात आलं. खोटं कशाला लिहू.

४ एप्रिल
सुटले कसली. रज्जाक मिस्त्री लातूरला गेले होते ट्रॅक्टरच्या सामानाला, त्यांनी मापानं सील हुडकून आणलं. पाणी ओढायचा रबरी पंखा नांदेडला मिळाला, मारुतीनं एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिला. जुना पंखा बघितला. पाती एका बाजूला वाकून तशीच कडक झालेली, नखानं दाबलं तर तुकडा पडला.

सगळे कसे ह्या मोटारीच्या मदतीला धावून राहिले. टँकरसाठी कुणी धावत न्हाई.

७ एप्रिल
भांडण. लई मोठं.

मोटार चालू करून बघायची तर तिचा पाय, म्हणजे खालचा दांडा, पाण्यात पाहिजे. तळ्यात चिखल पण उरला न्हाई. म्हणून पिंप पाहिजे. भरलेलं. माझं.

मी सरळ न्हाई म्हणलं. ते पिंप मी भरलंय, पहाटे रांगेत उभं राहून, त्या शेजारच्या शेवंताच्या शिव्या खाऊन. त्यातलंच अंगणवाडीच्या सुकडीला जातं, त्यातच घरचं भागतं. तेल उतरलं की ते पाणी ढोरं पण पिणार न्हाईत. इथं लेकरांना घोट घोट मोजून द्यायचं अन् मोटारीला पिंपभर पाजायचं?

हे म्हणले, "एकदाच लागतंय."
मी म्हणलं, "एकदा पण न्हाई."

जेवले, उठले. सुजाता दोघांकडं बघत होती. तिची दहावी पुढच्या साली. तिचं तरी कुणी काही ठरवलंय का.

८ एप्रिल
बोलणं बंदच. टँकर आला, पण पाणी गढूळ. तुरटी फिरवून फिरवून हात गेला.

१० एप्रिल
हे सविस्तर लिहून ठेवते, न्हाईतर उद्या मलाच खरं वाटणार न्हाई.

दुपारी रज्जाक मिस्त्री आले. गोठ्याच्या दोन खांबांना आडवी फळी बांधून मोटार तिच्यावर आवळलेली. नाव ढकलणारा मागचा पंखा काढून ठेवलेला, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. खाली पिंपाची जागा, तिथं नुसती माती. रज्जाकभाई म्हणले, पाण्याचं एवढं काय घेऊन बसलात, कोरडीच मारू, दोन मिनिटं. शेतातली इंजिनं मारतोच की आपण.

ह्यांनी खालच्या मातीकडं बघितलं.

तळं भरलेलं असताना मी ह्यांच्या नावेत बसायची. तेव्हा ह्यांनीच मला सांगितलं होतं, ही बाई खालचं पाणी पिऊन गार राहते, कोरडी चालवली तर आधी रबर जळतं, मग सगळी आवळून बसते. हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक. रज्जाकभाईंना तेवढं ठाऊक नव्हतं.

ह्यांनी दोरी हातात घेतली. माझ्याकडं बघितलं. पाणी मागितलं न्हाई.

मी नुसती गप्प राहिले असते तरी झालं असतं. मोटार जळाली असती, नांदेड मिटलं असतं, माझी अंगणवाडी राहिली असती अन् माझ्यावर कुणी बोट पण ठेवलं नसतं. सगळं डोळ्यापुढं आलं. पण मला ह्या माणसाचा असा राग आला. स्वतःच्या हातानं मोटार जाळायला निघाले, पण दुसऱ्यांदा मागणार न्हाईत. अन् मग मरेपर्यंत घरात तोंड पाडून बसले असते.

"थांबा," म्हणलं. "पिंप जड हाय, धरू लागा."

तिघांनी सरकवलं. थोडं सांडलं. माझा जीव सांडला.

पुष्कळदा ओढली. खोकली, बंद पडली. मग एकदम धरली. निळा धूर, सगळी गल्ली जमा. हे सारखे मागं वाकून बघत होते. मोटारीच्या बारक्या भोकातून ओढलेल्या पाण्याची धार आली तशी त्यांनी खाली हात धरला. "कोमट हाय," म्हणले, अन् हसले. हा माणूस हसतो हे मी विसरलेच होते.

शेवंता भिंतीवरून ओरडली, लाज न्हाई का पाणी नासायला. काय बोलणार, बरोबरच हाय तिचं.

११ एप्रिल
पाण्यावर तेलाचा तवंग. वरचं काढून टाकलं, खालचं सारवायला ठेवलं. अंगणवाडीत सुकडी शिजवली न्हाई. मुरमुरे वाटले. बारकी पोरं वाटीत बघत राहिली, मला वर बघवेना.

१३ एप्रिल
उद्या जयंती. विहारात निळ्या पताका लावून आले. सगळ्या बायका एकच विचारून राहिल्या, कधी निघता. मी म्हणलं, मोटार निघाली, मी न्हाई. त्या हसल्या. मला हसू आलं न्हाई.

१६ एप्रिल
हे एकटेच गेले. डाळीचा ट्रक नांदेडला जाणार होता, त्यात मोटार उभी बांधली. गोधडी गुंडाळली तिला, माझी.

ट्रकजवळ म्हणले, "औंदा तळं भरलं तर मोटार घेऊन मी परत येतो."
मी म्हणलं, "अन् न्हाई भरलं तर?"
"तर तू ये. येशील का?"

पंधरा-सोळा वर्षांच्या संसारात ह्यांनी पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं, अन् ते पण असं. मी हाव म्हणलं न्हाई, न्हाई पण म्हणलं न्हाई. ट्रक सुरू झाला.

घर लई मोठं वाटून राहिलं. सुजाता लवकर झोपली, का झोपल्यासारखं केलं.

१९ एप्रिल
मुख्यसेविका बाई तपासणीला आल्या. पोरांची वजनं घेतली, दोघांची घटली. बाई रागावल्या न्हाईत, त्या पण दमलेल्या होत्या. जाताना म्हणल्या, तुम्ही नांदेडला चाललात असं गावात ऐकलं. दुसरी बाई बघावी लागेल. जागा रिकामी दाखवू का?

मी म्हणलं, "पावसाळा होऊ द्या बाई. मग सांगते."