सोबतीच्या माणसाचा रकाना

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

वडवणी, गुरुवार, ता. २२ जानेवारी २०२६

बायनास अक्काचा आशीर्वाद.

नावाआधी काही लावलं नाही, त्याचं पुढं लिहिते.

इथल्या विरंगुळा केंद्रात या महिन्यात आलं ते असं: खुर्च्या बारा, दर साडेचारशे. कॅरम एक, नऊशे पन्नास. बीपीचं मशीन एक, सोळाशे. तुला वाटेल, हे मला काहून सांगते? म्हाताऱ्यांत मॅट्रिक मी एकटी, म्हणून वही माझ्याकडं असते. दहाला जाते, चारला येते. मग सकाळपर्यंत बोलणं देवाशीच. दोन भाकरी टाकते, एक उरते. एकाच भाकरीचं पीठ घ्यायला हात धजत नाही. रविराज पुण्याहून रविवारी फोन करतो. त्याचं बरं आहे.

मागच्या सोमवारी सगळ्यांची शुगर तपासली. मी राधाकिशनरावांचा आकडा साखराबाईच्या ओळीत लिहिला. तिला लगेच गोड बंद केलं, आणि हे राधाकिशनराव चहात दोन चमचे टाकून पितायत! कळल्यावर म्हणतात कसे, "मॅट्रिकवाल्या बाई, आमचा आजार वाटून टाकला व्हय?" सगळे हसले. मीही हसले. मग वही डोळ्यांशी धरली, तर ओळीच दिसेनात. अक्षर एवढं मोठं का काढलंय, ते आता तुझ्या ध्यानात आलं असेल.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. एक पिकलाय.

केंद्राकडून बीडला फुकट ऑपरेशन आहे, १२ फेब्रुवारीला. एक रात्र राहायचं. यादी मीच करते आहे. नाव, वय, आणि शेवटी रकाना: सोबतीचं माणूस. सगळ्यांचे भरले. रविराजला रजा नाही, पुढं बघू म्हणाला. केंद्रातली संगीता म्हणाली, "काकू, माझं नाव लिवा की." नको म्हटलं. रकाना मोकळा ठेवलाय.

आता ते. संक्रांतीला केंद्रात हळदीकुंकू केलं. संगीता एकेकीला कुंकू लावत आली. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, मी कपाळ मागं घेतलं. साखराबाई पण तसलीच, पण ओरडली, "अगं लावून घे की! कुंकू काय चावतंय व्हय?" मी कपाळ पुढं केलं. बोट टेकलं, आणि मला रविराजच्या लग्नातली तू दिसलीस.

हळदीची वाटी घेऊन तू उभी होतीस. मावशीचा मान तुझा. चार बायका बघत होत्या. मी म्हणाले, "बायना, तू आत बस, पोळ्यांकडं बघ." तू बसलीस. शंभर पोळ्या लाटल्यास, आणि न जेवता गेवराईची गाडी धरलीस. चौदा वर्षं मी मनाशी म्हणत आले, रीत होती, माझा काय दोष. रीतच होती. पण तोंड माझं होतं.

ह्यांच्या दहाव्याला तू आलीस, ओसरीवरूनच गेलीस. पाणीसुद्धा घेतलं नाहीस. बरोबर केलंस.

तुझ्या नावाआधी सौभाग्यवती लिहिता येत नाही, आणि विधवेला लावतात ते गं. भा. लावायला हात होईना. म्हणून दोघींचीही नुसती नावं लिहिली.

तू यावंस म्हणून डोळ्यांचं निमित्त करते आहे, असं तुला वाटेल. तसंही आहे. पट्टी बांधल्यावर हाताला धरून नेणारं माणूस आपलं असावं, एवढंच.

नावं ५ तारखेला जाणार. सोबत माझा पत्ता घातलेलं कार्ड ठेवलंय. दोन शब्दांत लिही, येते किंवा येत न्हाई. येत नसलीस तरी रागानं का होईना, पण लिही. मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे मला कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. उलट टपाली कळव.

तुझ्या हळदीची अपराधी,
अक्का
(रुक्मिण)