मागच्या सीटवरचा हक्क

मी, एलेउतेरियो बिदेगाइन, सैनिकी विमानपथकाचा निवृत्त मिस्त्री, राहणार पांदो, पूर्ण शुद्धीवर आहे. दारू घेतलेली नाही. हे मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही. मुलीच्या हट्टाने लिहितो, पण नोटरी पिंतोस म्हणतात तो कायद्याने धाक ठरत नाही.

आज पथकाच्या वर्धापनदिनी माझी मुलगी इरेने आमचं जुनं, दुरुस्त केलेलं विमान उडवणार आहे. सगळं कापड, लाकूड आणि तारा. पथकाचा पहिल्यापासूनचा रिवाज असा, की दुरुस्तीनंतर ज्याने पंखांच्या शेवटच्या तारा आवळल्या, त्याने पहिल्या उड्डाणाला मागे बसायचं. त्यामुळे मिस्त्री हात राखून काम करत नाही. या खेपेला त्या तारा मी आवळल्यात. माझं हृदय अधू आहे, म्हणून इरेने म्हणाली, "बसायचंच असेल तर आधी मृत्युपत्र करा, बाबा." म्हातारा बिचकेल असं वाटलं असावं तिला.

१. घर, बचत आणि हत्यारं इरेनेला. लाकडी हातोडा बहीण रामोनाला. नाहीतरी ती त्याने मांसच ठेचते.

२. मेजर लार्राल्दे यांना काही नाही. त्यांनी माझ्या शवपेटीला हातही लावू नये. पूर्वी एकदा मंत्री उड्डाण बघायला आले होते आणि मिस्त्री मळका दिसतो, म्हणून मेजरांनी मला मागच्या सीटवरून उतरवलं. आमचा वैमानिक ओस्वाल्दो एकटा वर गेला आणि कोसळला. मी असतो तर निदान तो एकटा गेला नसता. हे मी माफ केलेलं नाही.

३. इरेने माझ्याआधी गेल्यास वारस कोण? प्रश्नच येत नाही. गेलो तर दोघं एकदमच.

पुरवणी : इरेने आत्ता शेडमध्ये येऊन हात दाखवून गेली. बोटं कापलेली. पहाटे तिने सगळ्या तारा सैल करून पुन्हा आवळल्या.

"शेवटचा हात माझा लागलाय. रिवाज तुमचाच ना? मग तुम्ही खाली."

"आणि मागे कोण?"

"वाळूची गोणी. ती कुरकुर तरी करत नाही."

मी शिव्या दिल्या, पण रिवाज तो रिवाज. आता कलम तीन खोटं ठरलं. पिंतोस पुन्हा वारसाचं नाव विचारताहेत. बाहेर इंजिन सुरू झालंय. मला फार भीती वाटते. त्या नावाची जागा कोरी राहू द्या. इरेने उतरली की तिच्यासमोर सही करीन.

ठिकाण : विमानतळावरची शेड, पांदो
तारीख : १७ एप्रिल १९३८
साक्षीदार : फाउस्तो अरोसेना, बेकरीवाला; लेआंद्रो सोसा, पथकातला जुना सुतार
सही :