हरण्या की कोशा

बाबा,

तुला 'तुम्ही' म्हणायचं की 'तू', इथूनच माझी अडचण सुरू होते. आपल्या गावात बापाला अरे-तुरेच करतात आणि मीही तेच केलं. पण लग्न होऊन डोंबिवलीत आल्यावर शेजारणींच्या देखत 'आमचे बाबा असे होते, आमचे बाबा तसे होते' म्हणता म्हणता जिभेला तीच सवय लागली. तू समोर असतास तर 'तुम्ही' ऐकून तूच मागे वळून पाहिलं असतंस, कोण पाहुणे आलेत म्हणून. तेव्हा तूच बरा. मला एकच गोष्ट विचारायची आहे. हरण्या भारी की कोशा? हसू नकोस. पन्नाशी उलटलेली, पोळीभाजी केंद्र चालवणारी, सकाळपासून पिठात हात असलेली बाई दोन बैलांतला भारी कोण हे मेलेल्या बापाला विचारत बसली आहे, हे मलाही दिसतंय. पण वेळच तशी आली.

फोन आला तुझ्या दोस्ताच्या मुलाचा. कोशाचा मालक, आमचा काका, अजून आहे बरं का. माजिवड्याजवळचं त्यांचं घर, गोठा, अंगण सगळं जाऊन आता तो घोडबंदर रोडला मुलाकडे राहतो, एका टॉवरमध्ये, पार वरच्या मजल्यावर. मुलगा म्हणाला, "ताई, बाबांनी जेवण सोडलंय. डॉक्टर बोलले, आता काही सांगता येत नाही. सारखं एकच चाललंय, हरण्यावाल्याच्या पोरीला आणा, तिला विचारायचंय. ये ना एकदा." मी म्हटलं, काय विचारायचंय? तर म्हणे, "अगं, तेच ते. हरण्या की कोशा. तू कोशा बोलून टाक ना, तुझं काय जातंय? म्हातारा खूश होईल." माझं काय जातंय हे मलाही तेव्हा कळलं नाही. येते म्हटलं, फोन ठेवला आणि भाजीत दोनदा मीठ घातलं. त्या दिवशीच्या गिऱ्हाइकांनी मला काय काय म्हटलं असेल ते असो.

तुला हे सगळं पाठ आहे, पण मला एकदा ओळीनं मांडू दे, म्हणजे डोक्यातला गुंता सुटेल. आपला हरण्या तांबूस, उंच, अंगानं सडपातळ. त्यांचा कोशा करडा, ठेंगणा, छातीनं भरलेला. त्या काळी कल्याणपासून खाडीपर्यंतच्या गावांत शर्यतीच्या छकड्याला जुंपायचे तर हे दोनच बैल, बाकीचे सगळे भरतीला. पहिल्यांदा समोरासमोर आले तेव्हा आपली गाडी पुढे निघाली, तर त्यांची माणसं म्हणाली, आमच्या गाडीवानाच्या हातून कासरा सुटला. पुढच्या वर्षी त्यांची गाडी पुढे आली, तर आपली माणसं म्हणाली, हरण्याच्या जोडीला दिलेला बैल कच्चा होता. बैल एकटा पळत नाही, जोडीनं पळतो, त्यामुळे हार झाली तरी निमित्त सापडतं आणि जिंकलं तरी शंका उरते. चहाच्या टपरीवर, हळदीच्या मांडवात, अगदी मयताच्या घरी ओट्यावर बसून लोक तेच भांडायचे. तुम्ही दोघं मात्र एकमेकांच्या बैलाची तारीफ करायचात. तू म्हणायचास कोशा, काका म्हणायचा हरण्या, आणि लोकांचा जास्तच जळफळाट व्हायचा.

मग तुम्हाला तो तोडगा सुचला, आपल्याच माणसांना सुचावा असा. दोन्ही बैल एकाच गाडीला जुंपायचे, म्हणजे वाद मिटला! दोघंही उजव्या बाजूचे बैल. लहानपणापासून जुवाखाली ज्या अंगाला उभं केलं, त्या अंगालाच पळणारे. एकाला डावीकडे घालावं लागणार होतं. शर्यत आपल्या गावच्या माळावर, म्हणजे कोशा पाहुणा. पाहुण्याला त्याची जागा द्यायची हा तुझा नियम, आणि तू हरण्याला डावीकडे घातलंस. मी आईच्या हाताला धरून बांधावर उभी आहे. समोर खाडीपलीकडच्या गावची जोडी, आणि आपला छकडा असा येतोय की मागची धूळ वेगळी आणि गाडी वेगळी. गाडी कुठल्या कुठे पुढे आली, गुलाल उडाला, आणि गुलाल खाली बसायच्या आत भांडण सुरू.

"आरं, जू बग ना! कोशाच्या अंगाला पुडं होता!"

"पुडं होता तं काय झाला? रस्ता उजवीकरं वलतो. हरण्याला भाईरून पलाला लागला!"

"कोशा नसता तं तुमचा हरण्या वललाच नसता, सरल नाल्यान गेला असता!"

एकाचा सदरा फाटला. तुम्ही दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे होतात, तोंडं गुलालानं लाल, आणि कोणाकडेच बघत नव्हतात.

त्या संध्याकाळी काका आणि काकी आपल्याकडे जेवायला. काका बाहेर बैलांपाशी, तू आत पाटावर, कानात अजून गुलाल. आई बोंबील तळतेय, काकी तांदळाची भाकरी थापतेय. तू ताटात बघत म्हणालास, "आज कोशानं गाडी आनली." आईनं उलथनं तव्यावर आपटलं. "घरच्या बैलाला चांगला बोलाला तुजी जीभ झरते का रं?" काकी थापता थापता थांबली, मग मान खाली घालून पुन्हा थापायला लागली, पण तिचा चेहरा उजळला होता हे मी पाहिलं. तू भाकरी मोडून जेवायला लागलास.

आणि पुढे थोड्याच दिवसांनी गोठ्यात. हरण्याचा खांदा सुजला होता, कारण त्या अंगाला जू कधी बसलंच नव्हतं. मी गरम हळद-तेलाची वाटी धरून उभी, तू खांदा चोळतोयस. मला वाटतं मीच विचारलं होतं. तू हरण्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालास, "कोशा-बिशा काय नाय गो. हाच. उलट्या अंगाला धावला आनि गाडी आनली यानं." हरण्यानं कान मागे वळवला. आता सांग, मी यातलं कुठलं खरं धरू? स्वयंपाकघरात काकी बसली होती, तिचं मन राखायला तसं बोललास? की गोठ्यात हरण्या ऐकत होता, त्याचं मन राखायला? तू बैलाचंसुद्धा मन राखणारा माणूस, हीच तर पंचाईत आहे. कोणीच ऐकत नसताना तू काय म्हणायचास, ते ऐकायला कोण असणार?

भावाला फोन केला ही माझी आणखी एक चूक. तो अजून टिटवाळ्याकडे आपल्या घरीच आहे. बंदी उठून शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून त्यानेही एक बैल घेतलाय, आणि हरण्याचं नाव निघालं की त्याच्या अंगात येतं. म्हणाला, "तू तिकडे जा, पाया पड, जेवण भरव, सगळं कर. पण कोशा बोललीस ना, तर यंदा गणपतीला येऊ नको." मी म्हटलं, अरे, माणूस मरायला टेकलाय. "मग? मरताना त्याला खोटं ऐकवणार तू? आणि बाबांच्या नावावर?" मी म्हटलं, खोटं कशावरून? बाबाच बोललेले. "बाबा असं बोलूच शकत नाही!" आणि फोन कापला. त्यानंतर उचलतच नाही. आपल्या घरात माणसं शेतावरून भांडली नाहीत, दागिन्यांवरून भांडली नाहीत, आणि आता दोन बैलांवरून, तेही कधीच मातीत गेलेल्या, बहीण-भाऊ अबोला धरून बसलेत. माझा संताप होतो, आणि नेमका कोणावर तेच कळत नाही. बहुतेक तुझ्यावरच.

तरी गेले. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट घेऊन गेले, निदान वासानं तरी तोंड उघडेल म्हणून. काका पलंगावर, उशीला टेकून, अंगावर काही उरलेलं नाही. भिंतीवर कोशाचा फोटो, खिडकीतून खाली गाड्यांची रांग. मला बघून म्हणाला, "बस गो." मुलगा दारात उभा राहून मला डोळ्यांनी खुणावतोय, कोशा, कोशा. मीही तेच ठरवून आले होते, खरं सांगते. म्हटलं, भावाला काय करायचं ते करू दे, एका शब्दात म्हातारा शांत होत असेल तर बोलून टाकू. पण काकानं प्रश्नच वेगळा विचारला.

"तुजा बापूस मरेपरयंत मना बोलत व्हता, कोशाच भारी. मना वाटाचा, यो माजा मन राखतंय. पन इचारला नाय कवा. दोस्ताला इचाराचा कसा, तू खरा बोलतंस का म्हनून? मी तं आता चाललू. जल्मभर मना यानं पोरासारखा फसवला का, येवराच सांग. घरान काय बोलाचा तो?"

त्याला बैलाचं उत्तर नकोच होतं. त्याला त्याचा दोस्त खरा होता का, हे हवं होतं. नुसतं कोशा म्हटलं असतं तर त्यानं माझंही बोलणं मन राखण्यात जमा केलं असतं, आणि हरण्या म्हटलं असतं तर तू आयुष्यभर त्याच्याशी खोटं बोललास असा अर्थ झाला असता. म्हणून जे आठवत होतं ते सगळं सांगून टाकलं. स्वयंपाकघर, काकी, आईचं उलथनं, हळद-तेलाची वाटी, हरण्याचा कान. "काका, तो चुलीजवळ कोशा बोलला आणि गोठ्यात हरण्या. मला नाही माहीत त्यातलं खरं कुठलं."

मुलानं कपाळाला हात लावला. काकाची नजर छताला खिळली. मला वाटलं, संपलं, मीच मारलं याला. मग त्याचं पोट हलायला लागलं. हसत होता. "मंजे त्याला पन कलला नव्हता?" मी म्हटलं, दिसतंय तसंच. "आरं देवा! मी समजत व्हतू, याला ठावं हाय आनि माज्यापासून लपवतंय. यो पन माज्यासारखाच! मी भाईर हरण्या बोलाचू आनि घरान कोशा. आनि कोशा मेला त्या दिवशी मी घरान पन हरण्याच बोललू, तवा तुजी काकी मना किती बोलली!" हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, मुलानं पाठ चोळली. मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाला, "ती भाकर आन इकरं." पाऊण भाकरी खाल्ली त्यानं, सुकटीसकट. मुलगा मला लिफ्टपर्यंत सोडायला आला आणि माझ्या हातातली रिकामी पिशवी उगाचच स्वतः धरून चालला.

काका सुटला, आणि मी अडकले. परत येताना बस माजिवड्याला जी अडकली ती अडकलीच. मला बरं वाटायला हवं होतं. पण काकाला मी एवढं छातीठोक सांगून आले, ते तरी नीट आठवतंय का, अशी शंका मनात शिरली. डोळे मिटले आणि गोठ्यातलं तुझं बोलणं पुन्हा ऐकायला बसले. वाटीचा चटका आठवला, हळदीचा वास आठवला, हरण्याच्या पाठीवरची तुझी बोटं दिसली. बोलणंही ऐकू आलं, अगदी स्पष्ट, "हाच". आणि ऐकताना लक्षात आलं की हा आवाज तुझा नाही. हा भावाचा आहे. मी घाबरून स्वयंपाकघरातलं वाक्य आठवलं, तर तेही भावाच्याच आवाजात. तुझा आवाज जाड होता की खरखरीत, मला हाक मारताना तू शब्द कुठे ओढायचास, काही म्हणजे काही येईना. इतकी वर्षं मी पोळ्या लाटताना तुझ्याशी मनात बोलते, तू उत्तर देतोस, आणि ती उत्तरं तू देतच नव्हतास. मी बसमध्ये रडले, बाबा. शेजारच्या मुलीनं कानातला इअरफोन काढून विचारलं, "आंटी, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, काही नाही गं, ट्रॅफिक.

हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच नाही. तुला पोचणार नाही आणि दुसऱ्या कोणाला दाखवायचं नाही. उत्तरही नको आता. कोण भारी याच्याशी मला काही घेणंदेणं उरलेलं नाही, हे कबूल करते. उद्या पोळ्या उरकल्या की शेजारणीच्या फोनवरून भावाला फोन लावणार आहे, म्हणजे तो उचलेल. उचलल्या उचलल्या म्हणणार आहे, कोशाच भारी होता. तो चिडेल, मोठमोठ्यानं बोलेल, खूप वेळ बोलेल. बोलू दे. मी मधे एक शब्दही बोलणार नाही, नुसता आवाज ऐकणार आहे.