पोथीत न मावणारी कैरी

१७ फेब्रुवारी २०१५, महाशिवरात्र. हडपसर.

आज सासूबाईंना मोहोर मिळाला नाही. दर शिवरात्रीला सोसायटीतल्या आंब्याचा एक तुरा त्या पिंडीवर वाहतात आणि दुसऱ्या दिवशी पोथीत जपून ठेवतात. सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी फांदी वाकवली, तर सगळीकडे सुपारीएवढ्या कैऱ्या.

वॉचमनकाका म्हणाले, "मोहोर डिसेंबरातच येऊन गेला की, मॅडम. यंदा थंडी हाय कुठं?"

आधी वाटलं, शिवरात्रच उशिरा आली असेल. पण मागच्या वर्षी ती याहून दहा दिवस उशिरा होती, तरी मोहोर होता. म्हणजे चूक तिथीची नाही. मग झाडाला कशाची घाई झाली? न पडलेल्या थंडीमुळे? की दिवाळीनंतरच्या त्या अवेळी पावसामुळे? एका झाडावरून काही ठरवू नये, कळतं मला. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये एवढ्यावर बग नोंदवला, तर टीम हसेल. तरी दिवसभर त्या कैऱ्या डोक्यातून जाईनात.

घरी आले तेव्हा पिंडीवर कैरी होती. मी काही विचारायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "फूल नाही तर फळ. गुरुजी नाही म्हणाले असते, म्हणून त्यांना विचारलंच नाही."

मग मीच पोथी उघडली. एकेका अध्यायात एकेका वर्षाचा सुकलेला तुरा. इतकी वर्षं झाडाची नोंद घरातच होती, आणि मी रोज ऑफिसात सॉफ्टवेअरच्या नोंदींचे लॉग वाचत बसते.

खाली जाऊन फांदीवरची आणखी एक कैरी आणली आणि यंदाच्या अध्यायात ठेवून पाहिली.

पोथी मिटेना.