अकरा वाजताचं अंगण

कॉव्हेंट्री
रविवार, २७ जुलै २०२५, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम. आत्ताच काल कुरडया पाडलेला सोऱ्या धुतला, त्याची जाळी जुन्या टूथब्रशनं साफ करून टॉवेलवर पालथी घातली, आणि हात कोरडे करून पत्राला बसलो. आई स्वयंपाकघरात चीक हाटतेय. तिला वाटतंय मी डिलिव्हरीचे पत्ते लिहितोय. फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं. जहाजावरून तुमचा आवाज अर्धाच येतो, आणि तुम्ही "बोल, बोल लवकर" म्हणालात की माझं पुढचं वाक्य तोंडातच राहतं. कागदाला घाई नसते. उद्या हे पोस्टात टाकलं की शनिवारी जहाज साउथहॅम्प्टनला लागेल तेव्हा एजंटच्या ऑफिसात तुम्हाला मिळेल.

बातमी चांगली आहे बाबा, इतकी चांगली की मला दोन दिवस नीट जेवण गेलेलं नाही. पण क्रमानंच सांगतो. मे महिन्यात निघताना तुम्ही दारात म्हणाला होतात, "कॉलेज अर्धवट सोडलंस, ठीक आहे. पण आईच्या कुरडयांचे व्हिडिओ काढणं म्हणजे काही नोकरी नव्हे. ऑगस्टपर्यंत धंदा उभा राहिला तर राहिला, नाहीतर साउथहॅम्प्टनच्या गोदामात माझ्या ओळखीनं लावून देतो." मी मान हलवली. तुम्ही चुकीचं काहीच बोलला नव्हतात. आई वाळवण उत्तम करते, पण ते आपल्या गल्लीबाहेर कोणाला माहीत नव्हतं, आणि माहीत करून देणं हे माझं काम होतं.

मी इंटरनेटवरचा एक फुकट कोर्स केला. त्यात सांगितलं होतं की छोट्या धंद्यानं कधी एकदम पाच फोटो आणि मग महिनाभर काहीच नाही, असं करू नये. सातत्य हवं. त्यासाठी एकाच दिवशी महिन्याभराचं शूटिंग उरकून ठेवावं आणि रोज एकेक व्हिडिओ आपोआप टाकला जाईल अशी सोय करावी. मला हे फारच आवडलं. सगळं आधीच तयार, म्हणजे रोजची धडधड नाही. जूनमध्ये एक दिवस असं कडक ऊन पडलं की शेजारचा म्हातारा सदरा काढून बागेत झोपला. त्या दिवशी मी सगळं उरकलं. रोज वेगळा दिवस वाटावा म्हणून आईला सहा वेळा कपडे बदलायला लावले. चौथ्या वेळी ती म्हणाली, "कुश, कुरडया विकायच्यात का लग्नाचा बस्ता दाखवायचाय?" तरी बदलले बिचारीनं. प्रत्येक व्हिडिओखाली मी शुद्ध मराठीत लिहिलं, "आज सकाळी घातलेल्या ताज्या कुरडया."

पहिला आठवडा छान गेला. लेस्टरहून, रीडिंगहून ऑर्डरी आल्या. फोल्सहिल रोडवरच्या एका दुकानानं आपली पाकिटं मांडली. मग पाऊस लागला. कॉव्हेंट्रीत चार दिवस गटारं वाहत होती, आणि आमच्या पानावर रोज सकाळी लख्ख उन्हात आई हसत हसत कुरडया पाडत होती. माझ्या हे लक्षातच आलं नाही बाबा. मी अक्षरं तपासत होतो, रंग तपासत होतो, आणि खिडकीबाहेर बघायचं राहून गेलं.

मधुमतीकाकूंनी मात्र बघितलं. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी आईचं नाव घेऊन लिहिलं, "आज छत्री घेऊनही मी भिजले, आणि धम्मशीलाच्या अंगणात ऊन! कुठल्या देशातलं अंगण गं हे?" खाली हसण्याच्या चेहऱ्यांची रांग लागली. संध्याकाळपर्यंत त्याचा अर्थ ठरूनही गेला, की माल भारतातून येतो आणि इथे फक्त लेबल लावतात. दुकानदारानं फोन करून पाकिटं उचलून न्यायला सांगितली. मंडळाच्या कार्यक्रमाची मोठी ऑर्डर येणार होती, तिच्याबद्दल कोणी बोलेना.

आई चिडली, पण माझ्यावर नाही. ती मधुमतीकाकूंवर चिडली. म्हणाली, "गव्हाचं पोतं घेऊन जाते आणि तिच्याच दारात चीक शिजवते. बघू दे डोळे फाडून." मी कसंबसं थांबवलं. मग ती खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "तीन तीन दिवस गहू भिजवून, रोज पाणी बदलून, पहाटे उठून करते रे मी. लेबल लावते म्हणे." तेव्हा मला गोदामात जायची भीती वाटली नाही, आईला असं सोडून जायची वाटली.

मी सगळे व्हिडिओ काढून टाकले आणि कोरा कागद घेतला. यावेळी कोर्स बघितला नाही, आईचं काम बघितलं. गहू भिजवण्याचा दिवस, पाणी बदलण्याचा दिवस, वाटण्याचा, चीक गाळण्याचा, हाटून पाडण्याचा, वाळवण्याचा, पाकिटं भरण्याचा. बाबा, नियोजन तिथे आधीच होतं! मी उगाच वरून दुसरं लादत होतो. मी फक्त जागा आणि वेळ पक्की केली. मागच्या दाराचा उंबरठा, भिंतीला चिकटपट्टीची खूण, तिथे स्टँड, समोर तेच पांढरं कापड, रोज सकाळी अकरा वाजता. आधी एक फोटो, मग एक मिनिट थेट व्हिडिओ. ऊन असो नसो. आईनं कपडे बदलायचे नाहीत, स्वयंपाकघरात जशी असेल तशी यायचं.

पहिल्या दिवशी आभाळ राखेसारखं होतं आणि कापड रिकामं. आई गाऊनवर तुमचं जुनं जर्किन घालून आली आणि म्हणाली, "आज वाळवण नाही. गव्हाचं दुसरं पाणी बदललं. एवढंच." झालं. मला लाजेनं घाम फुटला. पण दुसऱ्या दिवशी लोक परत आले. तिसऱ्या दिवशी कोणीतरी लिहिलं, "ताई, उद्या ऊन पडणार, पैज लावता?" आई आभाळाकडे बघून म्हणाली, "नाही पडणार," आणि खरंच नाही पडलं. तेव्हापासून लोक पैजा लावायला येतात. गहू एकदा भिजवले की थांबत नाहीत, त्यामुळे तीन दिवसांनंतरचं ऊन आईला आजच ओळखावं लागतं, हे त्यांना कळलंय. आता ते आभाळाकडे आमच्या बाजूनं बघतात. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलातल्या एक डॉक्टरबाई राउंड संपवून अकराला न चुकता हजर असतात.

आणि मग गेल्या शनिवारी, अकराला पाच कमी असताना, बेल वाजली. मधुमतीकाकू. हातात छत्री, अंगावर रेशमी कुडता, चेहरा तपासणीला आल्यासारखा. म्हणाल्या, "म्हटलं, प्रत्यक्षच बघावं." आई म्हणाली, "बघ की." मी व्हिडिओ चालू केला, कारण अकरा वाजले होते. ऊन होतं, कापडभर कुरडया होत्या, काकू वाकून एकेक निरखत होत्या. आणि इथलं आभाळ तुम्हाला माहीत आहेच. एक ढग आला आणि थेंब टपटपायला लागले. आई ओरडली, "अगं बघत काय उभी राहिलीस, धर तो कोपरा!" काकूंनी छत्री टाकली ती वाऱ्यानं थेट शेजाऱ्याच्या टोमॅटोत. दोघींनी कापड झोळीसारखं उचललं आणि मागच्या काचेच्या खोलीकडे पळाल्या. काकू धापा टाकत म्हणत होत्या, "हळू गं, तुटतील! हळू!" आत गेल्यावर त्यांनी बाहीला चिकटलेली एक ओली कुरडई काढून खाल्ली आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." आई म्हणाली, "वाळली की मीठ वर येतं. सासूनं शिकवलं नाही का?" आणि दोघी अशा हसल्या की काच हलली.

हे सगळं थेट गेलं बाबा! एक मिनिट उलटून गेलं तरी मी व्हिडिओ बंद केला नाही, काहीच कापलं नाही. मी केलेल्या कुठल्याच व्हिडिओला इतके लोक आले नव्हते. त्याच संध्याकाळी काकूंनी ग्रुपवर लिहिलं, "मी माझ्या हातानं वाचवलेल्या कुरडया आहेत, कोणी शंका घ्यायची नाही." मंडळाची ऑर्डर आली. दुकानदारानं पाकिटं परत मागितली, दुप्पट. लंडनहून दोन दुकानांनी विचारलंय. पुढच्या उन्हाळ्यासाठी आत्तापासून नावं नोंदवून घेतोय. शिवाय इथल्या लायब्ररीत छोट्या दुकानदारांना फोटोंचं नियोजन समजावून सांगशील का, असं मला विचारलंय. मला, बाबा! मी हो म्हणून बसलोय आणि आता रोज आरशासमोर सराव करतोय.

आता पत्राचं खरं कारण. तुमचं कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टच्या मध्याला संपतं आणि नवीन कागद त्याच्या आधीच पुढ्यात येतो, हे मला माहीत आहे. त्यावर लगेच सही करू नका. मी गोदामात येत नाहीये, पण हे त्यासाठी लिहिलेलं नाही. आईला आणि मला हे दोघांत आवरत नाही. जहाजाच्या स्वयंपाकघरात हजारो माणसांची कणीक तुम्ही मळता, जड पातेली उचलता, आणि मोठ्या मापाचा अंदाज तुमच्याइतका आमच्यात कोणाला नाही. आई तुम्हाला कधीच म्हणणार नाही. ती म्हणते, तुमच्या नोकरीवर घर उभं राहिलंय, त्यात आपण बोलू नये. म्हणून मी बोलतोय. पगार सुरुवातीला जहाजापेक्षा कमी असेल. पण काम रोजचं आहे, घरचं आहे, आणि सोऱ्याचा दांडा दाबायला दुसरा हात लागतो. या जागेसाठी मी दुसऱ्या कोणाला विचारलेलं नाही. तुमचं उत्तर आल्याशिवाय विचारणारही नाही.

तुमचाच,
कुश