सातव्या लाइनवरची हाक

सोमवार, ४ मार्च
नवी नोकरी, नवं घर, आणि दोन्हीकडे मला खिडकी! बाबांना उजेडाची खोली दिली. पक्षाघातानंतर त्यांचा एकच हात चालतो आणि आवाज खोल गेलाय, म्हणून पलंगाला घंटेचं बटण बांधलं. त्यांनी लगेच घंटा वाजवून वाजवून माझा जीव खाल्ला. काय हवंय विचारलं तर नुसते हसले. लबाड म्हातारा! मी घरात नसताना शेजारच्या काकू बसणार आहेत.

मंगळवार
काम मस्त आहे. प्रोसेसर आपल्या कामात गढलेला असतो. कळफलकाला, घड्याळाला काही हवं असलं की ते त्याची बाही ओढतात. त्याला इंटरप्ट म्हणतात, इथले लोक ‘हाक’ म्हणतात. कर्नल, म्हणजे यंत्राचा कारभार चालवणारा मूळ प्रोग्राम, हातातलं काम टाकून आधी हाकेला ओ देतो. हाक ज्या वाटेने येते ती लाइन. आमच्या यंत्रात सातव्या लाइनवर काहीच जोडलेलं नाही, तरी तिथून हाका येतात. त्या थांबवणं हे माझं पहिलं काम. आधीचा मुलगा ते अर्धवट टाकून निघून गेला. त्याचा कप अजून टेबलावर आहे.
आमचे प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यांचा एकच नियम आहे: लाइन ज्याने बंद केली त्याने ती उघडूनच खुर्चीवरून उठायचं.

बुधवार
हाक आली की कर्नल त्या लाइनवरच्या प्रत्येक कोडला विचारतो, तुझी का? कुणीच हो म्हणालं नाही तर ती लाइन कायमची बंद करतो. आधीच्या मुलाने गंमतच केली होती. सातव्या लाइनवरच्या प्रत्येक हाकेला ‘माझी’ म्हणणारा चिमुकला कोड लिहून ठेवला होता. किती तो हळवेपणा! मी तो काढला आणि लाइन बंद केली. निघताना, कुलूप लावून पुन्हा ओढून बघतात तशी, आणखी एकदा बंद केली. बाबांकडे जायच्या घाईत उघडायची मात्र राहिली. यंत्र कसं शांत झालं!

गुरुवार
आज घरूनच काम केलं. दुपारी काकू स्वतःच्या किल्लीने आत आल्या, रागाने लाल. घंटा केव्हाची वाजतेय म्हणाल्या, भिंतीपलीकडे ऐकू आली. बाबा पलंगावरून अर्धे घसरले होते. मी शेजारच्या खोलीत, दार सताड उघडं. कामात बुडाले होते, असं सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवार
घंटा बिघडलेली नाही. बाबांनी बटण दाबलं तेव्हा आवाजाने काकूंनी कान झाकून घेतले. मला काहीच ऐकू आलं नाही. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात, काकूंचे टोमणे ऐकू येतात. बाबांचे ओठ हलतात, आवाज नाही. फक्त त्यांचाच आवाज मला येत नाही.
मास्तरांना फोन केला. मी काही सांगायच्या आत त्यांनी विचारलं, सातवी लाइन उघडली का? आधीच्या मुलाच्या घरीही आजारी आई होती म्हणाले. मी रडायला लागले.
“बंद तू केलीस ना? मग उघडायचीही तूच,” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शनिवार, सकाळ
घरूनच लाइन उघडली. काही नाही. बाबांसमोर बसून आहे. नजर हलवायची भीती वाटते. ते माझ्याकडे बघून काहीतरी सांगतायत, तेच तेच, आणि मी वेड्यासारखी मान हलवतेय.
का उघडली नाही?
दोनदा बंद केली होती. कर्नल मोजतो. जितक्या वेळा बंद, तितक्या वेळा उघडायची — लॅपटॉप पलीकडच्या खोलीत आहे. एवढी जाऊन येते.

शनिवार
उघडली. घंटा ऐकू आली. आनंदाने धावले.
बाबांचा हात पालथा पडलाय. बटण खाली लोंबतंय. काकू म्हणतात, गेले. म्हणतात, घंटा वाजतच नाहीये.
वाजतेय. ओ मिळाल्याशिवाय हाक जात नाही, ती साठून राहते — सगळ्या आत्ता येतायत. पाणी. कूस. पाणी. त्यांचाच आवाज. मी नाही म्हटलं तर लाइन कायमची — माझी. माझी हाक आहे.

पुन्हा. काकू खांदा हलवतायत, त्यांचे ओठ नुसते — माझी. डॉक्टरांना कुणी — माझी. त्या मुलाने तो कोड का लिहिला ते — आले, बाबा — एक वाक्य पुरं करू — आले, आ